वचनाशेजारी तारीख : बायबल जर्नलिंगची सुरुवात करताना

माझ्या आजीच्या बायबलात 121व्या स्तोत्राच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय, ‘12 जुलै. अजून पाऊस नाही.’ त्याच्याच खाली, ‘3 ऑगस्ट. आला.’ वर्ष लिहिलेलं नाही. आजी चौथीपर्यंत शिकलेली, नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावात आयुष्य काढलेली. ‘मला मदत कुठून येईल?’ असं विचारणाऱ्या त्या स्तोत्राशेजारी तिनं तीन आठवड्यांची वाट दोन ओळींत नोंदवून ठेवली. आजी गेल्यावर ते बायबल माझ्याकडे आलं. आता ते स्तोत्र उघडलं की आधी तो पाऊस आठवतो, आणि मग वचन वाचताना माझा वेग आपोआप कमी होतो.

हातात पेन्सिल घेऊन वचन वाचायचं, थांबावंसं वाटेल तिथं थांबायचं आणि देवाशी जे बोलणं झालं ते तिथंच टिपून ठेवायचं, या सवयीला हल्ली बायबल जर्नलिंग म्हणतात. मोबाइलवर हा शब्द शोधलात तर जलरंगांनी भरलेली, फुलापानांनी सजवलेली पानं समोर येतात. ती सुंदर असतात. पण आमच्या चर्चच्या मंडळीतल्या शनिवारच्या महिला गटात मी हे सुरू केलं तेव्हा पहिल्याच दिवशी निम्म्या बायका म्हणाल्या, ‘ताई, आम्हाला चित्रं कुठं येतात?’ त्यांना मी जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे. तारीख, एक वचन आणि मनापासूनचं एक वाक्य एवढ्यावर ही साधना उभी राहते. रंग हवे असतील तर नंतर घ्या.

लिहिण्याची ही रीत जुनी आहे

बायबलमध्ये लिहायचं म्हटलं की काहींना अवघडल्यासारखं होतं, म्हणून आधी बायबल स्वतः काय सांगतं ते पाहू. अनुवाद या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात इस्राएलच्या राजासाठी एक नियम आहे. गादीवर बसल्यावर त्यानं नियमशास्त्राची, म्हणजे देवानं दिलेल्या आज्ञांच्या ग्रंथाची, प्रत तयार करून घ्यायची, ती जवळ बाळगायची आणि आयुष्यभर रोज वाचायची. कारणही तिथंच दिलंय : त्याचं मन आपल्या भाऊबंदांपेक्षा वर चढू नये म्हणून. यिर्मयाच्या 36व्या अध्यायात यहोयाकीम राजा संदेष्ट्याची गुंडाळी चाकूनं कापत कापत शेगडीत टाकतो, आणि त्याचा लेखनिक बारूख तीच वचनं यिर्मयाच्या तोंडून ऐकून पुन्हा पहिल्यापासून लिहून काढतो. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. हरवलेली वही पुन्हा सुरू करायची वेळ आली की मी तो वाचते.

पुढच्या काळातही ही रीत टिकली. संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्याकडे भाष्यासह छापलेलं तीन खंडांचं बायबल होतं. त्यावर त्यांनी आपली सही आणि 1733 हे साल घातलं आहे. ते आज अमेरिकेत सेंट लुइसच्या कॉन्कॉर्डिया सेमिनरीत आहे. छापताना राहून गेलेले शब्द त्यांनी त्यात हातानं भरले, ओळींखाली रेघा मारल्या. मंदिरात गायक आणि वादक एकसुरात स्तुती करतात आणि मंदिर मेघानं भरून जातं, ती 2 इतिहास 5:13 ची जागा. तिथं त्यांनी समासात नोंद केली आहे की भक्तिभावानं केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेसह सदा हजर असतो. रोजचं काम आणि वचन एका समासात कसं भेटतं, ते यात दिसतं. अमेरिकेतलेच धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स यांनी 18व्या शतकात दर दोन पानांमध्ये कोरं पान शिवलेलं बायबल वापरलं आणि त्या कोऱ्या पानांवर हजारो टिपणं लिहिली. ती कोऱ्या पानांची युक्ती आपल्यालाही कामी येणार आहे.

बायबलात लिहायचं की वहीत?

नवशिक्यांना माझं स्पष्ट सांगणं असं की पहिले तीन महिने वहीत लिहा.

इंग्रजीत रुंद समासाची, खास जर्नलिंगसाठी छापलेली बायबलं सहज मिळतात. आपल्याकडची मराठी बायबलं बहुधा दोन स्तंभांत, बारीक टायपात आणि अरुंद समासाची असतात. त्यात एक शब्द, एक तारीख मावते. परिच्छेद मावत नाही. शिवाय बायबलचा कागद फार पातळ असतो, साधारण 25 ते 40 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). शाळेच्या वहीचं पान याच्या दुप्पट जाड भरतं. मी पहिल्यांदा लिहायला बसले ते जेल पेन घेऊन, यशयाच्या 40व्या अध्यायात. दोन मिनिटांत शाई पलीकडच्या पानावर उतरली आणि तिथली चार वचनं वाचता येईनाशी झाली. ते पान पाहिलं की आजही वाईट वाटतं.

म्हणून शंभर-दोनशे पानांची, शिवलेल्या बांधणीची, जरा जाड कागदाची वही घ्या. स्पायरलची वही सपाट उघडते, पण तिची पानं लवकर फाटतात. ही वही काही वर्षं टिकायला हवी. डाव्या पानावर वचन उतरवायचं, उजवं पान तुमचं. आणखी एक मार्ग आहे, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. शुभवर्तमानांच्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रांच्या, सुट्या छोट्या पुस्तिका मिळतात. त्यातली मार्कची पुस्तिका घ्या, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तिची पानं सुटी करा आणि प्रत्येक पानानंतर एक कोरा कागद घालून बाइंडिंग करून घ्या. एडवर्ड्स यांचं बायबल अगदी असंच होतं. मार्कचे 16 अध्याय आहेत. घाई न करता वाचलं तर दोन-तीन महिने सहज पुरतात.

ज्यांना थेट बायबलातच लिहायचं आहे त्यांनी स्वतःसाठी वेगळी प्रत घ्यावी. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं बायबल असेल, पुढच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं नोंदवलेली असतील, तर त्याला हात लावू नका. ते सगळ्या घराचं आहे. आणि घरात कुणा वडीलधाऱ्यांना पवित्र शास्त्रावर रेघ ओढणं पटत नसेल तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या मनातला तो आदर खरा आहे. तुम्ही वहीत लिहा.

सामान थोडंच लागतं. एचबी किंवा 2बी पेन्सिल, खोडरबर आणि सहा रंगीत पेन्सिली. पेनच हवं असेल तर पिगमेंट शाईचं, 0.1 किंवा 0.2 मिलिमीटर टोकाचं घ्या. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात ‘आर्किटेक्टचं ड्रॉइंग पेन’ म्हटलं की दाखवतात. बॉलपेननं पातळ कागदावर चरे उमटतात. ओला हायलायटर तर बायबलावर नकोच. कुठलंही पेन आधी बायबलाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वापरून पाहा, दहा मिनिटं थांबा, पान उलटून बघा. लिहिताना पानाखाली पोस्टकार्डाएवढा जाड पुठ्ठा ठेवा.

जास्तीचा मजकूर चिकटवायचा असेल तर बटर पेपरची पट्टी कापून तिच्या एका कडेलाच गोंदाची बारीक रेघ द्या. पट्टी दारासारखी उघडते आणि खालचं वचन वाचता येतं. अशा पट्ट्या मोजक्याच लावा, नाहीतर बायबल फुगतं आणि पुठ्ठ्यापासून सुटतं. वसई, मुंबई, कोकण, गोवा इथं राहत असाल तर पावसाळ्यात रंगवलेली पानं एकमेकांना चिकटतात. जून ते सप्टेंबर साध्या पेन्सिलीवर काढा आणि वही कपाटात बंद न ठेवता हवेशीर जागी ठेवा.

कोणतं भाषांतर

रोज प्रार्थनेला जे वापरता तेच. त्यातली वाक्यं कानात बसलेली असतात. पण एखादं वचन अडलं की दुसऱ्या भाषांतरात डोकावा. बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ प्रोटेस्टंट घरांत असतंच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ आजच्या मराठीत आहे. पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर अवश्य चाळा. रमाबाई त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेडोपाडीच्या, बेताचं शिकलेल्या बायांना कळावं असं मराठी त्यांना हवं होतं. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या हे काम तपासत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि छपाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पूर्ण झाली. दोन भाषांतरांत एकाच जागी वेगळे शब्द दिसले की ते दोन्ही वहीत शेजारी शेजारी लिहा. पुष्कळदा मननाला तिथूनच सुरुवात होते.

पहिला आठवडा : एकच स्तोत्र

उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. तिसऱ्या पुस्तकापर्यंत, लेवीयपर्यंत, पोचता पोचता वही बंद पडते, हे मी बऱ्याच जणींच्या बाबतीत पाहिलंय. सात दिवस स्तोत्र 23 घ्या. त्यात सहाच वचनं आहेत, आणि ती पाठ असल्यामुळेच आपण ती कधी वाचत नाही.

वेळ ठरवा. वीस मिनिटं पुरतात. पहाटे पाणी येण्याआधी, मुलं शाळेत गेल्यावर, लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर तिथं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला छोटी प्रार्थना करा. याजक एलीनं शिकवल्यावर लहान शमुवेल देवाशी जे बोलला, त्या अर्थाचं एक वाक्यही पुरे : बोल, तुझा दास ऐकत आहे.

पहिल्या दिवशी सगळं स्तोत्र हातानं उतरवून काढा. घाईनं नको. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे लिहिताना हात ‘माझा’वर थांबला तर थांबू द्या. उतरवून झालं की त्या दिवशीचं काम संपलं. तारीख घाला.

दुसऱ्या दिवशी फक्त क्रियापदांखाली रेघा मारा. मेंढपाळ काय काय करतो? बसवतो, नेतो, ताजातवाना करतो, चालवतो. मेंढरानं काय करायचं आहे ते शोधा. फारच थोडं सापडेल.

तिसऱ्या दिवशी सर्वनामं पाहा. मला स्वतःला हे बऱ्याच वर्षांनी दिसलं. पहिल्या तीन वचनांत परमेश्वराविषयी ‘तो’ असं बोललंय. तो बसवतो, तो नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथं ‘तो’चा एकदम ‘तू’ होतो. कारण तू माझ्याबरोबर आहेस. हिरव्या कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस दरीत उतरल्यावर देवाशी बोलू लागतो. आणि आपल्या मराठीत ‘तू’ कुणाला म्हणतात? आमच्या घरी वडिलांना ‘तुम्ही’ होतं, आईला ‘तू’ होतं. त्या दिवशी मी वहीत एवढंच लिहिलं : ‘दरीत तू आईसारखा.’ तुमच्या वहीत वेगळं येईल. ‘तो’ आणि ‘तू’ दोन रंगांनी गोल करा आणि बघा काय सुचतं.

चौथ्या दिवशी खरे मेंढपाळ आठवा. दिवाळीच्या सुमारास मेंढरं, घोडी, पोरंबाळं आणि कुत्री घेऊन घाटाखाली उतरणारे धनगर तुम्ही रस्त्यानं पाहिले असतील. खतासाठी शेतकरी त्यांना बोलावतात, त्याला ‘शेतात मेंढरं बसवणं’ असंच म्हणतात. आपल्या मराठी स्तोत्रातही शब्द ‘बसवतो’ हाच आहे. पोट भरल्याशिवाय आणि भीती गेल्याशिवाय मेंढरू बसत नाही. तर तुम्ही शेवटचं निवांत कधी बसलात? हा प्रश्न वर लिहा, आणि खाली खरं उत्तर.

पाचवा दिवस पाचव्या वचनाचा. वैऱ्यांच्या देखत मांडलेलं ताट. इथं मेंढपाळाचं चित्र मागे पडतं आणि घरचा यजमान दिसू लागतो. वैरी निघून गेलेले नाहीत, ते बघतच उभे आहेत, आणि तरी पान वाढलेलं आहे. ज्यांच्याशी तुमचं बोलणं बंद आहे त्यांची नावं इथं आठवतील. लिहायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी फक्त पहिलं अक्षर लिहिते.

सहाव्या दिवशी या स्तोत्रातला एकच शब्द निवडा आणि दिवसभर सोबत न्या. भाकऱ्या थापताना, बसच्या रांगेत, फाइल चाळताना तो आठवायचा. रात्री दोन ओळी लिहा. सातव्या दिवशी मागचं सगळं वाचा आणि एक प्रार्थना लिहा. ‘हे स्वर्गीय पित्या’पासून सुरुवात केली की पुढं सगळी पाठ झालेली वाक्यं येत जातात. म्हणून त्या दिवशी थेट गरजेपासून सुरुवात करून पाहा.

रोजच्या पानाची मांडणी

आठवडा झाला की पानाला थोडी शिस्त लावा. मी चार छोटे मथळे वापरते : वचन, दिसलं, करायचं, प्रार्थना. पहिल्यात एक किंवा दोन वचनं, जास्त नाहीत. दुसऱ्यात मजकुरात खरोखर जे आहे ते : कोण बोलतं, कुणाशी, कोणता शब्द पुन्हा येतो. इथं उपदेश लिहायचा मोह आवरा. ‘करायचं’ याखाली आजच्या दिवसात होईल अशी एकच गोष्ट. ‘मी सगळ्यांवर प्रीती करीन’ असं लिहिलं तर संध्याकाळी ते तपासता येत नाही. ‘दुपारी मावशींना फोन’ हे तपासता येतं. शेवटी प्रार्थना.

कॅथलिक घरांत ‘लेक्सियो दिव्हिना’ची, म्हणजे प्रार्थनापूर्वक शास्त्रवाचनाच्या जुन्या पद्धतीची, ओळख असेल. 12व्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन संघाच्या मठवासीयानं वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शनध्यान अशा चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली. ती तुम्हाला सरावाची असेल तर माझे मथळे सोडा आणि तीच वापरा. शेवटच्या पायरीवर मात्र पेन्सिल खाली ठेवायची. काही न लिहिता पाच मिनिटं बसायचं. लिहिणाऱ्यांना ही पायरी सगळ्यांत अवघड जाते, कारण हात सारखा वहीकडे जातो.

पुढं काय वाचायचं? फिलिप्पैकरांस पत्र चांगलं. चार अध्याय, 104 वचनं. रोज चार घेतली तर 26 दिवस लागतात. प्रेषित पौलानं ते बंदिवासात असताना लिहिलं आणि तरी त्यात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तो येईल तिथं पिवळी खूण करा आणि शेवटी पान उलगडून पाहा. रूथचे चारच अध्याय सासू-सुनेच्या घरात वाचून बघा. सराव झाला की स्तोत्र 119. त्यात 22 कडवी आहेत, प्रत्येकात आठ वचनं, एकूण 176, हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमानं रचलेली. रोज एक कडवं.

एक व्यायाम मी प्रत्येक नव्या गटाला देते. स्तोत्र 136 मध्ये 26 वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद येतं, ‘कारण त्याची दया सनातन आहे.’ अर्धी ओळ इस्राएलच्या इतिहासाची, अर्धी पालुपदाची. वहीत उजव्या बाजूला ते पालुपद एकाखाली एक दहा वेळा लिहा. डावी बाजू तुमच्या घराच्या इतिहासानं भरा. ज्या वर्षी गाव सोडलं. ज्या वर्षी नोकरी गेली. बाळ झालं. आजारपण. प्रत्येक ओळीपुढं ते पालुपद आधीच लिहिलेलं असतं. काही ओळींपुढं ते वाचवत नाही. तिथं थांबा आणि देवाला सांगा की हे मला अजून म्हणता येत नाही. अशी रिकामी राहिलेली ओळही त्या पानाचा भागच आहे.

चित्र, रंग आणि आपली ओवी

चित्र काढायचंच असेल तर मनन झाल्यावर काढा. आधी चित्र ठरवलं की वचन त्याची सजावट होऊन बसतं. साध्या आकृत्या पुरतात : एक काठी, एक दिवा, पाण्याच्या तीन रेषा, अर्धी भाकरी. रंगांचे अर्थ ठरवायचे तर तीनच ठरवा. देव कोण आहे यासाठी निळा, त्यानं दिलेलं अभिवचन हिरवा, माझ्यासाठी आज्ञा तांबडा. बारा रंगांची यादी केली की सगळं लक्ष यादीकडे जातं. अक्षरं सजवायची असतील तर देवनागरीची शिरोरेघ हाताशी आहे. सगळ्या वचनावर एकच लांब रेघ ओढा आणि शब्द तिला लटकू द्या. सराव नसलेल्या हातालाही हे जमतं.

ज्यांचा हात चित्रापेक्षा शब्दांत रमतो त्यांच्यासाठी मराठीत फार मोठं दालन आहे. गोमंतकात जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. तीनशे वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपली ख्रिस्तभक्ती अभंगांत गायिली आणि ते अभंग आजही उपासनेत म्हटले जातात. म्हणजे वचन आपल्या छंदात मुरवायची वाट आधीच पाडलेली आहे. ओवीचा साचा सोपा : पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा आखूड आणि मोकळा. 23व्या स्तोत्रावर माझ्या वहीत ही आहे :

दरीत दाटला अंधार घोर ।
पाऊल अडे, भय ते थोर ।
काठी तुझी दिसे समोर ।
चालू लागले ॥

कविता म्हणून ती कशी आहे याची काळजी मी करत नाही. यमक शोधताना अर्धा तास मी त्या एका वचनापाशी थांबले. माझं काम तिथंच झालं.

जड दिवसांची पानं

काही दिवस स्तुती तोंडातून निघत नाही. तेव्हा वही मिटून ठेवू नका, 13वं स्तोत्र उघडा. पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. देवा, कोठवर विसरशील, कोठवर तोंड लपवशील. शास्त्रातच अशी प्रार्थना आहे, तर तुमच्या वहीत ती असायला काहीच हरकत नाही. चार वेळा ‘कोठवर’ लिहा आणि प्रत्येकापुढं तुमचं वाक्य. स्तोत्र सहा वचनांत भरवशापर्यंत पोचतं. तुम्हाला सहा महिने लागतील. शेवटची दोन वचनं तुम्हाला अजून मनापासून म्हणता येत नसतील तर ती फक्त उतरवून ठेवा, दाविदाचे शब्द म्हणून.

दुःख खोल असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते फक्त वहीपाशी ठेवू नका. पाळकांशी, फादरांशी किंवा घरातल्या विश्वासाच्या माणसाशी बोला. डॉक्टरांकडेही जा. लूक, ज्यानं शुभवर्तमान लिहिलं, त्याला पौल प्रिय वैद्य म्हणतो.

वही कुणी वाचायची?

कुणीच नाही, असं मी आधी सांगते. आपलं पान दुसरं कुणी वाचेल असं वाटलं की लेखणी सावध होते आणि छान छान लिहू लागते. पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा मोह होईल. निदान पहिले तीन महिने टाकू नका. घरात एकांत मिळत नसेल, आणि आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात तो मिळतोच असं नाही, तर नावांऐवजी खुणा वापरा. एकत्र बसायचं असेल तर चार-पाच जणींचा गट पुरे. सगळ्यांनी आठवडाभर तोच उतारा घ्यायचा आणि भेटल्यावर वही न दाखवता एकच गोष्ट सांगायची : मला काय दिसलं. आमच्या गटात एकीला लिहितावाचता येत नाही. तिच्यासाठी शेजारीण वचन मोठ्यानं वाचते आणि ती वहीत खुणा काढते. मंडळीतल्या अडचणीतल्या प्रत्येक घरासाठी तिच्या वहीत एक दार आहे. प्रार्थना करताना ती त्या दारांवरून बोट फिरवते.

दिवस चुकले तर

चुकतात. लग्नसराई, परीक्षा, नाताळची गडबड, घरातलं दुखणं. चुकलेले दिवस भरून काढायला जाऊ नका. एका बैठकीत नऊ दिवसांचं वाचन उरकलं तर नऊ पानं भरतात, मनन एकाचंही होत नाही. आजची तारीख घाला आणि आजचं वचन घ्या. मधल्या कोऱ्या जागेवर काही लिहू नका.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. प्रत्येक प्रार्थनेखाली दोन ओळी मोकळ्या सोडा. तीन महिन्यांनी एक संध्याकाळ राखून ठेवा, वेगळ्या रंगाची पेन्सिल घ्या आणि पहिल्या पानापासून वाचत या. जिथं उत्तर आलं तिथं त्या मोकळ्या जागेत तारीख लिहा. उत्तर मागितलं त्यापेक्षा वेगळं आलं असेल तर तेही लिहा. आणि जिथं काहीच झालेलं नाही तिथं ओढूनताणून अर्थ लावू नका. आजची तारीख लिहून तीच प्रार्थना पुन्हा करा आणि पुढच्या पानावर जा. माझ्या वहीत एका नावाखाली आता सात तारखा झाल्या आहेत. मोकळी जागा संपली म्हणून मी खाली बटर पेपरची पट्टी जोडली आहे.